करंजाखालची माती

मुलुंड (पश्चिम)
३ ऑगस्ट २०२५

प्रिय रतन,

सर्वप्रथम एक तक्रार, आणि ती गंभीर आहे, तेव्हा बसून वाच. तुझ्या गेल्या पत्राबरोबर सात मुंग्या आल्या. पाच जिवंत, एक आसन्नमरण, एक दिवंगत. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवण्याची तुझी परंपरा प्राचीन आहे, वंदनीयही आहे; पण टपाल खातं एका तिकिटावर फक्त मजकूर नेतं, प्रवासी नेत नाही. मुंग्या मूळच्या गोराईच्या की वाटेत बोरिवलीला चढलेल्या, हा प्रश्न अनिर्णीत आहे. सुगंधाने ते पत्र घरात आणायला मनाई केली. सत्तावन्न वर्षांच्या संस्कृत शिक्षकाने जिन्यात उभं राहून मित्राचं पत्र वाचावं आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी थांबून "कोणाचं हो एवढं?" म्हणून विचारावं, ही वेळ तुझ्या शितांनी आणली. गोंदाची बाटली दहा रुपयांना मिळते रे.

तू दोडामार्गला रबराच्या मळ्यावर मुकादम होतास, तेव्हा तिथे फोन लागत नव्हता म्हणून आपण पत्रं लिहिली. बावीस वर्षं. आता तू गोराईला लेकीकडे आहेस, फोन खणखणीत लागतो, तर तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून पत्रं. एकाच शहरातली दोन माणसं टपालाने बोलतात हे मी वर्गात मुलांना सांगितलं, तर त्यांना ते पुराणातलं वाटलं.

आता कामाचं. आपल्या बागेत झाडं मरताहेत. शाळेमागची टेकडीकडची ती पट्टी, बेचाळीस झाडं, तीन रांगा, दर झाडाला आपल्या जुन्या चाळीतल्या एका गेलेल्या माणसाचं नाव, आणि या सगळ्या दिवंगतांचा बिनपगारी चिटणीस मी. गेल्या वर्षी दोन झाडं गेली तेव्हा मी मनावर घेतलं नाही. या जूनपासून आणखी दोन गेली. ताजा बळी म्हणजे रुक्मिणीकाकीच्या सौरभचा कदंब. महिन्याभरापूर्वी हिरवागार होता. मग पानं एकाएकी मलूल झाली आणि पंधरा दिवसांत सगळी वाळून झाडावरच लटकत राहिली.

रुक्मिणीकाकी दर गुरुवारी पाण्याची बाटली घेऊन येते, हे तुला ठाऊक आहे. मुलाच्या झाडाला पावसातही पाणी घालते. गेल्या गुरुवारी तिने बाटली उघडलीच नाही. मला म्हणाली, "मधू, माज्या झिलाचा झाड सुकला रे. तू शिकलेलो, माका सांग, कित्याक सुकला?" मी म्हटलं, यंदा पाऊस फार झाला, काकी. ती म्हणाली, "तुका म्हायत नाय, तर तसा सांग."

तेव्हा मला माहीत नाही, तसं तुला सांगतो. बाबांचा करंजही जरा विरळ झालाय, पण तो आपलं पहिलं झाड, चौदा वर्षांचा, वयोमानाने असेल. तुझ्या शकुची बकुळ मात्र खुशाल आहे. नवऱ्याच्या खांद्याला लागेल आता. बालवाडीची पोरं तिच्याभोवती बसून डबे खातात. बालवाडीच्या बाई गेल्या तरी त्यांचा वर्ग चालूच आहे म्हण.

तुझा,
मधू


गोराई
११ ऑगस्ट २०२५

शास्त्र्या,

मुंग्या मोजत बसलास? दुसरा धंदा नाय तुला? गोंद आणला. नीलमने आणला. म्हणाली, "बाबा, मधूकाकांचं ब्लडप्रेशर वाढेल."

पावसाने मेली म्हणे. पाऊस काय नावं वाचून पडतो? पाणी तुंबून मेली असती तर एका कोपऱ्यातली सगळी मेली असती. इथे एक मरतंय, शेजारचं उभं आहे. काकीने तुला बरोबर पकडला.

आता मी सांगतो ते कर आणि मधे तुझं डोकं घालू नकोस. मेलेल्या झाडाचा गळा उघडा कर. गळा म्हणजे खोड जमिनीत शिरतं ती जागा. खुरप्याने वीतभर माती बाजूला घे. जाडसं मूळ मिळालं की त्याच्यावर पाणी ओत आणि हाताने चोळ. माती धुऊन गेली, मूळ स्वच्छ झालं, तर दुसरं काहीतरी आहे. पण खडे-माती मुळालाच चिकटून राहिली, कितीही चोळलं तरी निघाली नाय, तर लगेच लिही. मूळ कापून आतलं लाकूड कसं दिसतं तेही लिही. फोटो पाठवू नकोस नीलमच्या मोबाइलवर. फोटोत सगळी मुळं सारखीच दिसतात. मूळ हातात घ्यावं लागतं, नखाने खरवडावं लागतं, वास घ्यावा लागतो.

मेलेली झाडं झाली की शेजारच्यांचे गळे बघ. धोंडूकाकांच्या करंजाचाही बघ. वयोमान कसलं रे? चौदा वर्षांचा करंज म्हणजे पोरगा. मळ्यावर पाऊस ओसरायला लागला की आम्ही हेच करायचो, गुडघ्यावर बसून, झाडामागून झाड. माझे गुडघे कुठे गेले ते आता कळलं ना तुला?

आणि बागेचा नकाशा काढून पाठव. कुठलं झाड कुठे, कोणत्या साली लावलं, जिवंत की मेलं.

शकुच्या झाडाला हात लावू नकोस. ठीक आहे तर ठीक आहे. उगाच उकरायचं नाय.

रतन


मुलुंड
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय रतन,

आज्ञेप्रमाणे गळे उघडले. कुंडलिक माळ्याने खणलं आणि मी छत्री धरली. श्रमविभागणी न्याय्य होती असं माझं मत आहे, कुंडलिकचं वेगळं आहे.

सौरभच्या कदंबाचं मूळ धुतलं. दोन बादल्या पाणी ओतलं. माती निघाली नाही. मुळाने जणू तपकिरी मोजा घातलाय आणि मोज्यात वाळू न् खडे शिवून टाकलेत. नखाने खरवडलं तर खाली काळपट पापुद्रा, आणि मूळ कापलं तर लाकूड पांढरट, भुसभुशीत, आत तपकिरी रेषांची जाळी. बोटांनी दाबलं तर चुरा झाला. संस्कृतात झाडाला पादप म्हणतात, पायांनी पिणारा. मी तीस वर्षं हा शब्द फळ्यावर लिहितोय. त्या पायांची ही अवस्था पाहिल्यावर पुढच्या तासाला मी तो शब्द सोडून दिला, मुलांना वृक्ष म्हणायला सांगितलं.

मेलेल्या चारही झाडांना तोच मोजा. शेवटच्या रांगेत गेल्या वर्षी लावलेली दोन झाडं आहेत, पानं फिकट पडलेली. त्यांनाही थोडा थोडा आहे. जुन्या झाडांना नाही.

मग करंजाचा गळा उघडला. कुंडलिक म्हणाला, "साहेब, हे राहू द्या, उद्या बघू." म्हणजे त्याला आधीच दिसलं होतं. करंजाला मोजा गुडघ्यापर्यंत चढलाय. त्याची मुळं एका बाजूने त्या जुन्या शिरिषाच्या बुंध्यात घुसली आहेत. तुला बुंधा आठवत असेल. बाग सुरू केली तेव्हा तो जमिनीबाहेर हातभर होता. त्याच्यावर उभं राहून मी उद्घाटनाचं भाषण केलं होतं. तू म्हणतोस चाळीस मिनिटं. मी म्हणतो पंचवीस.

नकाशा सोबत आहे. मेलेल्यांवर फुली आहे, फिकटांवर प्रश्नचिन्ह. लावल्याचं साल दर झाडाखाली लिहिलंय. शकुच्या बकुळीला हात लावलेला नाही.

बाबांच्या झाडाचं काय होईल ते लिहायला संकोच करू नकोस.

मधू


गोराई
१ सप्टेंबर २०२५

शास्त्र्या,

तपकिरी मूळकूज. दुसरं काय नाय. बुरशी आहे. मळ्यावर हिच्यापायी आम्ही एका वर्षात दीडशे रबराची झाडं काढली. वरून झाड हिरवं दिसतं तोपर्यंत खाली हिचं जेवण निम्मं झालेलं असतं. पानं मलूल झाली की समजायचं, पंगत उठली.

आली कुठून, तेही सांगतो. त्या शिरिषाच्या बुंध्यात बसली होती. जुनं झाड कापतात, बुंधा जमिनीत ठेवतात, त्यात ही वर्षानुवर्षं राहते. धोंडूकाकांच्या करंजाची मुळं वाढत वाढत पाच-सहा वर्षांपूर्वी तिला जाऊन भिडली असणार. तू ज्याच्यावर उभा राहून भाषण ठोकलंस, त्याच्या पोटात ती बसून ऐकत होती बघ.

करंज वाचणार नाय. वाईट वाटतं रे लिहिताना. गिरणीचा भोंगा झाला की धोंडूकाका आपल्या दोघांना गेटवर चहात बुडवलेला पाव द्यायचे, तुला अर्धा न् मला अर्धा, बरोब्बर मोजून. पण झाड काढायचं. बुंध्यासकट, मुळांसकट, शिरिषाच्या बुंध्यासकट. पालिकेची परवानगी काढ. मुळं तिथेच वाळवून जाळ, बाहेर नेऊ नकोस. भोवती तीन फूट खोल चर मार आणि दोन वर्षं त्या जागी गवताशिवाय काही लावू नकोस.

आता मला जे कळत नाय ते. ही बुरशी मुळाला मूळ लागलं की पुढे सरकते. वर्षाला हातभर, फार तर दोन हात. चालते. उडी मारत नाय. आणि तुझ्या नकाशात ती उड्या मारतेय. पहिल्या रांगेच्या टोकावर करंज, आणि मेलेलं झाड थेट तिसऱ्या रांगेच्या शेवटाला. मधली सगळी धडधाकट. म्हणजे तिला कोणीतरी उचलून नेतंय.

अजून एक. मेलेली आणि फिकट, सगळी २०२० नंतर लावलेली आहेत. त्यांच्या शेजारची जुनी ठणठणीत. म्हणजे लावतानाच काहीतरी होतंय. रोपं कुठून आणता? खत कुठलं? खड्डा कोण खणतो? लावायच्या दिवशी काय काय करता, सगळं लिही. एक अक्षर गाळू नकोस. फक्त भाषण गाळ.

रतन


मुलुंड
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय रतन,

उत्तराला उशीर झाला, कारण परीक्षा होत्या. हे खरं आहे, पण कारण ते नाही.

रोपं दरवेळी वेगळ्या ठिकाणाहून येतात. खत घरचं. खड्डा कुंडलिक खणतो. घरातलं माणूस रोप ठेवतं, नारळ फोडतात, पाणी घालतात, पेढे वाटतात. यात बुरशीला वाव नाही.

राहिली एक गोष्ट. आणि ती माझी आहे.

बाबांचा करंज लावला, मग महिन्याभराने रुक्मिणीकाकीच्या यजमानांचं झाड लावायचं ठरलं. त्या दिवशी मला स्फुरण चढलं. मी बाबांच्या झाडाखालची मूठभर माती उकरली आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात घातली. म्हटलं, एका चाळीत नांदलेली माणसं, पुन्हा एका मातीत येऊ देत. वर दोन ओळींचा श्लोक रचला. दुसऱ्या ओळीत वृत्त मोडतं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

तेव्हापासून दर नव्या झाडाच्या खड्ड्यात करंजाखालची माती पडते. मीच उकरतो, मीच घालतो. बुंध्याच्या अगदी जवळची घेतो, कारण ती जास्त 'बाबांची' वाटते. आता लोक तिला पूर्वापार चालत आलेली रीत म्हणतात. पूर्वापार म्हणजे चौदा वर्षं. गेल्या वर्षी एका सूनबाईंनी मला बजावलं, "सर, माती घालायला विसरू नका, आमच्यात लागते."

हेच ते असेल का? तू नाही म्हणालास तर मला आनंद होईल, पण माझ्या आनंदासाठी म्हणू नकोस.

शकुच्या वेळी तू काय म्हणाला होतास ते तुला आठवत असेलच.

मधू


गोराई
१९ सप्टेंबर २०२५

अरे विद्वाना,

वाट लावलीस की रे! हेच आहे. शंभर टक्के हेच आहे. मुठीत बोटाच्या पेराएवढं सडकं मूळ आलं तरी पुरे. आणि तू घेतोस बुंध्याजवळची, निवडून, सगळ्यात चांगली! नवीन रोप, कोवळी मुळं, आणि तू स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणून, बुरशीला त्यांच्या ताटात वाढतोस. आमच्या मळ्यावर असतास तर मालकाने तुला त्याच खड्ड्यात लावला असता.

मी पत्र वाचून एकटाच हसत होतो. नीलम विचारते, काय झालं? मी म्हटलं, आपल्या शास्त्र्याने संस्कृतमध्ये चार झाडं मारली.

चिडू नकोस. तुला काय माहीत? मीही त्या बुंध्याकडे बघितलं होतं आणि बोललो नाय. माझी नोकरी होती ती, तुझी नव्हती.

आता हिशेब बघ. करंजाला बुरशी लागली २०२० च्या आसपास. त्याच्या आधीची माती चांगली होती, म्हणून जुनी झाडं चांगली. त्यानंतर तुझ्या नकाशात सात झाडं लागलीत. चार मेली, दोन फिकट. ती दोन मुळासकट काढ आता, त्यांचे खड्डे उघडे टाक. राहिली सातवी. ती आमची बकुळ.

त्या दिवशी मी म्हटलं होतं, आमच्या झाडाला ही नाटकं नकोत. शकुला नसती आवडली. रोप ठेवायचं, पाणी घालायचं, बस. सुगंधावहिनींना वाईट वाटलं होतं, तूही तोंड पाडून उभा होतास, मला सगळं आठवतंय. पण बघ ना. सातातल्या एकाच झाडात ती माती पडली नाय आणि तेच एक उभं आहे. याहून मोठा पुरावा काय पाहिजे तुला?

शकु असती तर म्हणाली असती, चला, यांचा हट्ट एकदा तरी कामाला आला. तीन वर्षं मी विचार करत होतो, आपण उगाच सगळ्यांसमोर तोडून बोललो. आज बरं वाटलं.

लोकांना सांग सगळं. लपवू नकोस. पुढची मूठ पडायच्या आत सांग.

रतन


मुलुंड
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रतन,

लोकांना सांगितलं. सर्वपित्री झाल्यावर पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. मी लिहून नेलं होतं, चार पानं. तिसऱ्याच वाक्याला रुक्मिणीकाकी उठली. "मधू, भाषान नको. काय केलंस ता सांग."

मी सांगितलं. तुमच्या सौरभच्या खड्ड्यात मी जी माती घातली तिच्यात बुरशी होती, आणि ती बाबांच्या झाडाची होती. मागून कोणीतरी म्हणालं, सरांनी काय मुद्दाम केलं का? काकीने त्यालाही गप्प केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माती तूच घातलंस मां? मगे आता तूच काढ." एवढंच. या गुरुवारी ती आली, तेव्हा मी सौरभच्या खड्ड्यातली मुळं वेचत होतो. बाटलीतलं पाणी तिने मला प्यायला दिलं.

पालिकेची परवानगी आली. काल करंज काढला. कुंडलिकने आणि त्याच्या भावाने काढला, आणि शेवटची मुळं मी ओढली. सुगंधा आली होती. शेवटचं मूळ निघेपर्यंत उभी राहिली. फिकट झाडंही दोन्ही काढली.

आता जे लिहायला मी हे पत्र घेतलं ते. तुझं गेलं पत्र मी पुष्कळदा वाचलंय. दरवेळी त्या एका परिच्छेदाशी थांबलोय.

रतन, तुझा पुरावा खोटा आहे.

शकुचं रोप लावलं त्या दिवशी तू नको म्हणालास, मी माती घातली नाही. तू आणि नीलम गोराईला निघालात. मी तुम्हाला नाक्यापर्यंत पोचवायला आलो, रिक्षा वळेपर्यंत थांबलो. मग परत गेलो. बागेत कोणी नव्हतं. करंजाखालची मूठभर माती घेतली आणि बकुळीच्या बुडाशी हाताने खळगा करून पुरली. वर सारवल्यासारखं केलं, कळू नये म्हणून.

का केलं, ते मला तेव्हा अगदी पटलं होतं. एवढ्या झाडांत तिचं एकटीचं परकं राहील, असं वाटलं. शकु आपल्या चाळीतली नव्हती, तू होतास. मला ती आपल्यातली व्हायला हवी होती. हे तुला विचारण्यासारखं होतं आणि तू 'नको' असं आधीच सांगून गेला होतास, म्हणून मी विचारलं नाही. श्लोक म्हटला नाही. तेवढंच एक पथ्य पाळलं, त्याचा आता काही उपयोग नाही.

'लावतानाच काहीतरी होतंय' असं तू लिहिलंस तेव्हापासून मला शंका होती. मातीचं लिहिलं तेव्हा हेही लिहायला हवं होतं. तू 'सगळं लिही' म्हणालास आणि मी एक मूठ गाळली.

झाड वरून हिरवं आहे. गळा उघडलेला नाही. तू हात लावू नकोस म्हणालास, आणि या वेळी मी ऐकतोय. तू सांगशील तसं करतो.

मधू


गोराई
२४ ऑक्टोबर २०२५

श्री. मधुकर,

पत्र मिळालं.

बकुळीचा गळा उघडावा. मोठी मुळं चार-पाच असतील. प्रत्येक धुऊन बघावं. एकाच मुळाला लागलं असेल तर ते स्वच्छ लाकूड लागेपर्यंत मागे कापावं, कापलेला तुकडा जाळावा, झाडाभोवती दोन हातांवर तीन फूट खोल चर मारावा. मातीत गेलेली जुनी मुळं चाळून काढावीत. दोन मुळांना लागलं असेल तर झाड काढावं. ठेवलं तर शेजारच्या झाडांना जाईल.

मुळं चार दिवसांच्या वर उघडी ठेवू नयेत.

मला विचारायची गरज नाही.

रतन तायडे


मुलुंड
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रतन,

दिवाळी तुझ्या पत्राशिवाय गेली. मग पत्र आलं. त्यात पन्नास वर्षांत पहिल्यांदा तू मला 'श्री.' म्हणालास. शास्त्र्या नाही, विद्वाना नाही, गाढवा नाही. खाली आडनावासकट सही. सुगंधाने विचारलं, रतनभावोजी काय म्हणतात? मी म्हटलं, चर मारायला सांगतात.

काल सकाळी बकुळीचा गळा उघडला. कुंडलिकला हात लावू दिला नाही, मी खणलं. खुरप्याने नाही, हाताने. बालवाडीच्या नव्या बाईंनी पोरांना त्या बाजूला येऊ दिलं नाही. एक पोरगी तरी आलीच. "आजोबा, बाईंच्या झाडाला काय झालं?" मी म्हटलं, तपासतोय. ती म्हणाली, "इंजेक्शन देऊ नका हां."

मोठी मुळं पाच आहेत. तीन स्वच्छ. पाणी ओतल्याबरोबर माती धुऊन गेली, आत साल गुळगुळीत. चौथं माझ्या खळग्याच्या बाजूचं. त्याला मोजा आहे, मनगटापासून कोपरापर्यंत असतो एवढा. ते तू सांगितलंस तसं मागे मागे कापत गेलो. तिसऱ्या कापाला पांढरं, ओलं, घट्ट लाकूड लागलं. तुकडे तिथेच जाळले. जळताना वास येत होता, तुला ठाऊक असेल तसा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

प्रश्न पाचव्याचा आहे. ते चौथ्याला खेटून गेलंय. धुतल्यावर बरीच माती गेली, पण एका जागी, दोन बोटं रुंद, तपकिरी डाग राहिला. थोडी वाळू चिकटून आहे. चोळलं की काही निघते, काही राहते. कुंडलिक म्हणतो, हा नुसता मातीचा डाग, साहेब, झाड ठेवा. मला तसं वाटत नाही. मग वाटतं, मी घाबरलोय म्हणूनच मला त्या डागात बुरशी दिसतेय. रुक्मिणीकाकीला विचारलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या माका कळूचा नाय. ज्येच्या बायलेचा झाड, तेका बोलव."

मूळ ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. आज दुसरा दिवस. टपालाला वेळ नाही, म्हणून हे पत्र कुंडलिकबरोबर पाठवतोय. उद्या सकाळी तो तुझ्या दारात असेल. तू येतोस की नाही एवढंच त्याला सांग.

कुंडलिकला कशाला, मीच का आलो नाही, असं तू विचारशील. आलो होतो. आज दुपारी बोरिवलीच्या जेट्टीपर्यंत आलो. गोराईच्या बोटीचं तिकीट काढलं. बोट लागली, लोक चढले, एका कोळणीने माझ्याकडे बघून "चढा ना हो" म्हटलं. मी म्हटलं, पुढच्या बोटीने. पुढची लागली तेव्हा मी बाहेर बसस्टॉपवर होतो.

बकुळ राहील की जाईल, ते तू मूळ हातात घेऊन सांगशील. काढ म्हणालास तर माझ्या हाताने काढीन. त्याची भीती मला आहे, पण खरी ती नाही. तू येशील, गुडघ्यावर बसशील, मूळ खरवडून वास घेशील, काय ते कुंडलिकला सांगशील, हात धुशील आणि माझ्याशी न बोलता परत जाशील. मला त्याची भीती वाटते.

मधू